तीस मिनिटं कोणाची?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये काम करणाऱ्या ऑक्युपेशनल आणि फिजिकल थेरपिस्टचा दिवस मिनिटांत कापलेला असतो. प्रत्येक मुलाच्या आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, लिहिलेलं असतं: ओटी, आठवड्यातून एकदा, तीस मिनिटं. पीटी, आठवड्यातून दोनदा, तीस मिनिटं. हा नुसता वेळापत्रकाचा कागद नाही, कायद्याने बांधलेलं वचन आहे. सत्र बुडलं तर त्याची नोंद होते, बहुतेक वेळा ते भरून द्यावं लागतं, आणि पालक हिशेब मागू शकतात.

आता समजा, अशी एक थेरपिस्ट एका शुक्रवारी नवीन काही शिकायला कोर्सला गेली. त्या दिवशी तिच्याकडे येणाऱ्या दहा मुलांची तीस-तीस मिनिटं गेली. तिने ती घेतली असं म्हणायचं का? की तिने ती मुलांसाठीच वापरली? आणि ती गेलीच नाही, दर शुक्रवारी इमानेइतबारे हजर राहून वीस वर्षांपूर्वी शिकलेलंच करत राहिली, तर ती मिनिटं खरोखर मुलांच्या पदरात पडली का? प्रश्न वरवर रजेच्या अर्जाचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

मी मुंबईत ओटी शिकले आणि बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या शाळांमध्ये काम करते आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत एका रांगेत दोन-तीन तरी ओटी-पीटी भेटतात. केईएम, नायर, सायन, नागपूर इथून शिकून आलेल्या अनेकजणी आधी हॉस्पिटल किंवा नर्सिंग होममध्ये लागल्या, आणि मुलं शाळेत जायला लागली तशा आपणही शाळेत आल्या. वेळा जुळतात, उन्हाळ्याची सुट्टी मिळते. पण हॉस्पिटलमधून शाळेत येणं म्हणजे नुसती इमारत बदलणं नव्हे. हॉस्पिटलात प्रश्न असतो, या शरीराला काय झालं आहे? शाळेत प्रश्न असतो, या मुलाला शिकण्यात, खेळण्यात, डबा उघडण्यात, बसमध्ये चढण्यात काय आडवं येतं? दुसरा प्रश्न आम्हाला कॉलेजात फारसा कोणी शिकवला नव्हता. तो इथे येऊनच शिकावा लागला.

या कामाचा पाया १९७५ च्या कायद्यात आहे. अपंग मुलांनाही सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे, असं त्याने ठरवलं. १९९० मध्ये त्याचं नाव बदललं आणि तेव्हापासून तो आयडिया या नावाने ओळखला जातो. त्यात ओटी आणि पीटी या ‘संबंधित सेवा’ आहेत. मुलाला विशेष शिक्षणाचा लाभ घेता यावा म्हणून त्या असतात. लाभ म्हणजे किती, यावर न्यायालयात वाद झाले. १९८२ च्या राउली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लाभाची कसोटी बरीच खाली ठेवली. २०१७ च्या एंड्रू एफ. खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी खरी प्रगती व्हावी असा आराखडा हवा. शिवाय २००४ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली: या सेवा, शक्य असेल तितपत, तज्ज्ञांनी तपासलेल्या संशोधनावर आधारलेल्या असाव्यात.

‘शक्य असेल तितपत’ या शब्दांत आमचं सगळं दुखणं आहे. संशोधन माहीत असायला ते कोणीतरी वाचायला हवं, वाचायला वेळ हवा, आणि वाचलेलं पटलं तर हातातलं काम बदलायला धैर्य हवं.

परवान्याचे नियम वेळेपुरतं बघतात. ओटीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र चालू ठेवायला दर तीन वर्षांनी ३६ युनिट लागतात. राज्यांचे आपापले आकडे वेगळे. कॅलिफोर्नियात पीटीला दर दोन वर्षांनी ३० तास दाखवावे लागतात. तास भरले की काम झालं. मुलं झोपल्यावर रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडायचा, एका कोपऱ्यात वेबिनार चालू, दुसऱ्या कोपऱ्यात उद्याच्या डब्याची यादी, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, आणि सर्टिफिकेट प्रिंट. मी याची टर उडवत नाही. दिवसभर तीन शाळा फिरून आलेल्या बाईकडे रात्रीचे अकराच उरतात. पण अशा तासांतून सोमवारी मुलाच्या टेबलापाशी काय बदलतं, हे विचारणारा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

शाळेच्या स्वतःच्या प्रशिक्षणदिनाची गत आणखी वेगळी. तो दिवस शिक्षकांसाठी आखलेला असतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण शाळेत शिक्षक शेकडो आणि थेरपिस्ट एखाददुसरी. मग पीटी बसते वाचनाच्या नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात. दिवस हजेरीला लागतो, परवान्याला बहुतेकदा लागत नाही. हॉस्पिटलात शेजारच्या टेबलावर कोणीतरी सीनियर असायची. ‘हे असं का करतेस गं?’ असं विचारायची. शाळांमध्ये आम्ही आमच्या विषयात एकट्या. सामान गाडीच्या डिकीत आणि विद्या डोक्यात, दोन्ही एकाच वेगाने जुनी होतात.

इथे मला विल्यम क्लिफर्डची आठवण होते. या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. त्यात देशांतर करणारी कुटुंबं बसणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, पण दुरुस्तीला खर्च आहे. तो स्वतःची समजूत घालतो की एवढ्या सफरी सुखरूप केल्या, ही पण होईल. हळूहळू त्याची अगदी प्रामाणिक खात्री पटते. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक होती हे मान्य, पण तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता, कारण ती श्रद्धा त्याने तपासून कमावली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. आणि पुढचं वाक्य त्याहून कठोर आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी त्याचा दोष रतीभरही कमी झाला नसता.

स्थलांतरितांच्या जहाजाची ही गोष्ट आपण इथे बसून वाचताना आपण कुठल्या बाजूला आहोत हे सांगायला नको. पण व्यवसायात आपण मालकाच्या जागी असतो. ‘मी मनापासून करते’ हे आमच्या क्षेत्रात फार ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की मनापासून करणं पुरेसं नाही.

नेमकं काय तपासायचं, याची काही उदाहरणं देते. अक्षर सुधारावं म्हणून मुलं ओटीकडे सर्वांत जास्त येतात. बोटांत ताकद यावी म्हणून पुट्टी मळायची, मणी ओवायचे, चिमट्याने कापूस उचलायचा, हे शाळाशाळांतून चालतं. हस्ताक्षराच्या उपचारांवरच्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष साधा होता: ज्या उपचारांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता ते निष्प्रभ ठरले, आणि ज्यांत सराव होता पण वीसपेक्षा कमी सत्रांचा, तेही निष्प्रभ ठरले. म्हणजे लिहायला शिकायचं तर लिहावं लागतं, आणि भरपूर लिहावं लागतं. आपल्या आजीने पाटीवर गिरवून घेताना हेच केलं होतं.

दुसरं उदाहरण सेरेब्रल पाल्सीचं. पाय आखडू नयेत म्हणून मुलाला वर्गातून बाहेर न्यायचं आणि गादीवर झोपवून स्नायू ताणायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात असं दिसलं की मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांत, सात महिन्यांपेक्षा कमी काळ केलेल्या ताणण्याने सांध्यांच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. त्याहून लांब काळाबद्दल तो आढावा असा निर्णय देत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा आणखी एक मोठा आढावा २०१३ चा. त्यात उपचारांना सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले होते. चांगला हात बांधून कमजोर हाताला कामाला लावणं, मुलाला हवी ती कृतीच घेऊन तिचा सराव करणं, हे हिरव्यात. आम्ही कॉलेजात आदराने शिकलेली बोबाथ दांपत्याची पद्धत, तिच्या काही हेतूंसाठी, लालमध्ये.

निष्प्रभ उपचाराने नुकसान तर होत नाही ना, असं कोणी म्हणेल. शाळेत होतं. ती तीस मिनिटं कुठून तरी काढलेली असतात. मुलाला वर्गातून नेलं तेव्हा तिथे वाचन चालू होतं, किंवा त्याचा मित्र त्याला पत्त्यांचा बंगला दाखवत होता. दर आठवड्याला, सप्टेंबर ते जून. न्यू जर्सीत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे साधारण ३६ आठवडे. ३६ वेळा मूल वर्गातून उठतं आणि सगळ्यांच्या देखत बाहेर जातं. त्याबदल्यात त्याला काही मिळत नसेल तर ही चोरी आहे, फक्त चोराला माहीत नाही इतकंच.

मग पहिल्या प्रश्नाचं गणित सोपं वाटतं. ३६ सत्रांपैकी एक बुडवून उरलेली ३५ सत्रं उपयोगी होणार असतील तर कोर्सला जावं. पण या गणितात दोन खोट आहेत. एक म्हणजे, त्यात गृहीत धरलंय की शिकल्यावर काम बदलेल. ते बदललं नाही, तर तो पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा प्रकार, आणि पाणी मुलांचं. दुसरी खोट अधिक अवघड आहे. ज्याची वेळ आज गेली तेच मूल उद्या फायद्यात असेल असं नाही. एखादं जूनमध्ये दुसऱ्या गावी जाईल, एखादं पुढच्या शाळेत. ‘एकूण मुलांचं भलं’ या नावाखाली एका मुलाचं वचन मोडता येत नाही. म्हणून शिकायला जावं, आणि बुडालेलं सत्र भरूनही द्यावं. ते भरून देण्याची सोय करणं मात्र शाळेचं काम. थेरपिस्टने जेवणाची सुट्टी मोडून ते करावं अशी अपेक्षा असेल, तर शिक्षणाचा खर्च एकटीच्या खिशातून चालला आहे.

याला अनुभवी लोकांचा आक्षेप असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ‘संशोधन ठीक आहे, पण माझ्या डोळ्यांनी मी मुलं सुधारताना पाहिली आहेत.’ पाहिली असतीलच. मुलं वाढतात. सहा वर्षांचं मूल सात वर्षांचं झालं की त्याचं अक्षर काही न करताही थोडं सुधारतं. अनुभवाकडे सगळं असतं, फक्त तुलना नसते. आपण न भेटलो असतो तर हे मूल कुठे असतं, ते अनुभव सांगू शकत नाही.

पण क्लिफर्डलाही पूर्ण शरण जाता येत नाही. आमच्याकडे अशी मुलं येतात की त्यांचा आजार शंभर मैलांत दुसऱ्या कोणाला नाही. त्यांच्यावर संशोधन होण्याची वाट बघत बसता येत नाही, सोमवारी मूल दारात उभं असतं. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी केली, तेव्हाही त्यांनी उत्तम संशोधन आणि स्वतःचा अनुभव यांची सांगड घालायला आणि रुग्णाची इच्छा जाणून घ्यायला सांगितलं होतं. म्हणून मी क्लिफर्डचा नियम थोडा सौम्य करून घेते: पुरावा नसेल तर करून बघायला हरकत नाही, पण करून बघतो आहोत हे कबूल करायचं, काय झालं म्हणजे यश म्हणायचं ते आधी लिहून ठेवायचं, दर आठवड्याला मोजायचं, आणि ठरल्या मुदतीत काही झालं नाही तर थांबायचं. एवढं केलं की अनुभवाला तुलना मिळते.

थांबणं हेच सगळ्यांत कठीण. नवीन शिकणं सोपं आहे, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. जुनं सोडण्याचं मिळत नाही. आणि जुनं सोडताना समोर आई बसलेली असते.

आपल्या मराठी पालकांना आयईपीच्या बैठकीत मी पाहते. पहिल्या वर्षी ते बुजलेले असतात. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांना कळलेलं असतं की इथे मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागण्याचं एकक मिनिट आहे. ‘ताई, तीसची पंचेचाळीस नाही का होणार?’ किंवा, ‘आहे तेवढं तरी राहू द्या हो.’ त्या मिनिटांत त्यांची झोप गेलेल्या रात्री असतात. अशा आईला, ‘हे ताणणं आपण थांबवू या,’ असं सांगायचं, तर तिला वाटतं की हिसकावून घेतलं. मग तिच्या समाधानासाठी चालू ठेवायचं का?

मला वाटतं, नाही. तिच्या समाधानाची किंमत तिचं मूल मोजत असतं. पण तिला सत्य सांगायचं तर पूर्ण सांगावं लागतं. ते थांबवून त्याजागी काय करणार, ते कशावरून निवडलं, आणि सहा आठवड्यांनी आपण काय बघणार, हे सगळं. नुसतं ‘संशोधन म्हणतं’ एवढं म्हणून उठून जाणं म्हणजे तिला पुन्हा बुजवणं.

शिवाय तिचा संशय अगदीच निराधार नसतो. ज्या संशोधनाच्या आधारे मी उपचार बदलू पाहते, त्याच संशोधनाची एक ओळ हातात धरून खर्च कमी करू पाहणारं कार्यालय सेवाच कापू शकतं. ‘हे उपयोगी नाही’ आणि ‘या मुलाला गरज नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यातून दुसरं निघत नाही. हे बैठकीत मोठ्याने सांगणं हे थेरपिस्टचं काम, कारण टेबलाभोवती बसलेल्यांपैकी ते संशोधन बहुधा तिनेच वाचलेलं असतं. शिकण्याची ही बाजू कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

इथे मला आपल्या व्यवसायाच्या एका पूर्वजेची गोष्ट सांगाविशी वाटते. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या. अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आज आम्ही ती विद्या घेऊन उलट दिशेने आलो आहोत. त्या शिकून आल्या तेव्हा पुरेसे रुग्ण बघत आयुष्य काढता आलं असतं. त्यांनी आपलं ज्ञान इतरांच्या हातात दिलं. तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून निघणाऱ्या शिष्याला जो उपदेश आहे, त्यातही अभ्यास आणि अध्यापन ही जोडी सोबत येते, दोन्हींत कुचराई नको म्हणून. ऋषिऋण फिटतं ते असं, स्वतः शिकून आणि पुढे देऊन.

शाळेच्या संदर्भात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. माझ्याकडे मूल आठवड्याला तीस मिनिटं असतं, शिक्षिकेकडे आणि मदतनिसाकडे जवळजवळ तीस तास. मी शिकलेलं माझ्यापाशीच राहिलं तर त्याची किंमत अर्धा तास. खुर्ची इतकी उंच की पाय लोंबकळतात, म्हणून मूल सारखं घसरतं आणि अक्षर बिघडतं, हे मी मदतनिसाला दाखवलं आणि पायाखाली एक खोका आला, तर त्याची किंमत अख्खा आठवडा. आणि देणं एकतर्फी नसतं. दुपारी एकनंतर या मुलाचा हात चालत नाही, हे तिला माहीत असतं, मला नसतं. आमचा प्रशिक्षणदिन खरा तिच्याबरोबर हवा, एकाच मुलाच्या टेबलापाशी बसून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. दोन्ही व्यवसायांच्या आचारसंहिता सांगतात की थेरपिस्टने आपलं कौशल्य अद्ययावत ठेवावं. बरोबरच आहे. पण ती संहिता थेरपिस्टला बांधते, तिला नेमणाऱ्या कार्यालयाला नाही. हा व्यवसाय बहुतांशी बायकांचा आहे, आणि बायकांच्या कर्तव्यबुद्धीवर संस्था फुकट चालवायची सवय जगाला जुनी आहे. रविवारची संध्याकाळ घालून शिकणारीचं कौतुक करावं, पण ती व्यवस्था म्हणून गृहीत धरू नये. प्रामाणिक राहणं, वाचणं, मोजणं, थांबणं ही व्यक्तीची जबाबदारी. वेळ देणं, त्याच विषयातली सोबत देणं, बुडालेलं सत्र भरून द्यायला माणूस देणं ही संस्थेची. एकीने आपला वाटा उचलला नाही म्हणून दुसरीचा माफ होत नाही, आणि दुसरीच्या वाट्यावर पहिलीने जगूही नये.

तेव्हा ती तीस मिनिटं मुलाची, यात शंका नाही. थेरपिस्टच्या हातात ती विश्वस्ताच्या नात्याने असतात, आणि विश्वस्ताला ठेव नुसती जपून चालत नाही, ती कामी लावावी लागते.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं किंवा नातवंडं या सेवा घेतात त्यांना एक सुचवते. पुढच्या बैठकीत मिनिटं वाढवून मागण्याआधी चार प्रश्न विचारा. हे का करता? ते उपयोगी पडतंय हे आपल्याला कशावरून कळेल? नाही पडलं तर काय बदलाल? आणि चौथा, जो आजवर फार थोड्या पालकांनी मला विचारला आहे: नवीन शिकायला शाळा तुम्हाला वेळ देते का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आम्ही द्यायची आहेत. चौथ्याचं उत्तर देताना टेबलाच्या पलीकडे बसलेल्या साहेबांकडेही बघा.